न्यायला आलेला माणूस

"खांदे तुम्हीच धरा, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर पाय धरतील."

टेबलावर म्हाताऱ्याची बायको आडवी होती. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं, कडेने पू आला होता. नख अर्धं कापून काढायचं, एवढंच काम. पण अलीकडे तिच्या लक्षात काहीच राहत नसे. आपण दवाखान्यात का निघालोय, हे ती वाटेतच विसरली होती.

अंगठा बधिर करायची सुई आत गेली तशी ती किंचाळली. म्हाताऱ्याने अंगाचा सगळा भार टाकून तिला दाबून धरलं. झालं हं, झालं, असं तो म्हणत राहिला. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. दुसऱ्या बाजूने पुन्हा सुई टोचली, तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने हात काढला नाही.

पुढचं तिला जाणवलंही नाही. नख निघालं, पट्टी बांधून झाली. पट्टी भिजवू नका, परवा बदलायला घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हाताऱ्याने तिला उठवायला हात पुढे केला.

ती टेबलाच्या पार टोकाला सरकली. सिस्टरचा हात तिने घट्ट धरला.

"याच्याबरोबर मला पाठवू नका," ती हळूच म्हणाली. "हा मारतो."

सिस्टरने तिच्या दंडांकडे पाहिलं. म्हाताऱ्याची बोटं तिथे लाल उमटली होती. डॉक्टरांनीही पाहिलं. घरी दुसरं कोणी आहे का, मुलगी, सून, निदान शेजारचं कोणी, असं त्यांनी विचारलं. कोणी नव्हतं.

"मी नवरा आहे हो तिचा," म्हातारा म्हणाला.

"खोटं बोलतोय."

त्याने तिला घरातल्या लाडक्या नावाने हाक मारली, तशी ती रडायलाच लागली. बाहेर नंबर लावून बसलेले लोक दारातून डोकावू लागले. डॉक्टरांनी त्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

तो बाहेर बाकावर जाऊन बसला. मग उठला. स्वेटर काढून पिशवीत कोंबला. चष्मा काढला. बेसिनच्या नळाखाली हात ओला करून त्याने केस मागे बसवले आणि दार वाजवलं.

"बाई, गाडी आलीये," तो आवाज बदलून म्हणाला. "तुम्हाला घरी सोडायला सांगितलंय."

सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"जा, आजी. चांगले आहेत हे."

ती आली. त्याच्या खांद्याचा आधार घेत, लंगडत, जिन्यापर्यंत आली. चष्म्याशिवाय त्याला पायऱ्या धड दिसत नव्हत्या.

"तो घरी असेल का?" तिने विचारलं.

"नाही. तो गेला."

तिने सुस्कारा सोडला. थोडं खाली उतरल्यावर पुन्हा थांबली.

"आमच्या ह्यांना यातलं काही सांगू नका हं. फार जिवाला लावून घेतात."

"नाही सांगणार, बाई," तो म्हणाला आणि पायाने पुढची पायरी चाचपू लागला.