हार्लनची हरवलेली फेरी

“ओडेलनं माझी फेरी खाल्ली, व्हर्ना.” आईला हे सांगणाऱ्या बाबांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दुपारच्या मोटारींच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला मोठ्या मैदानावर चालवायला गाडी मिळणार होती. बाबा सगळ्यांच्या पुढे होते, पण कागदावर त्यांची एक फेरी कमी भरली आणि गाडी ओडेल टटलला मिळाली. वर्षभरात ती गाडी पेटली आणि तो भाजलेला चेहरा घेऊन कॅरोलायनात परतला. “चोरीचं पचत नाही,” बाबा म्हणाले. मग आमच्याच छोट्या मैदानाच्या लाल मातीत तीस वर्षं शनिवारमागून शनिवार शर्यतींत पेरत राहिले, आणि परवा झोपेतच गेले.

अंत्यविधीला ओडेल आला. मी त्याला दारातच अडवलं.

“या टटलसाहेब. आज तरी सांगा, माझ्या बाबांची फेरी कुठे लपवलीत?”

त्यानं हॅट काढली. तो माझ्यामागे उभ्या आईकडे बघत राहिला.

“तिच्याकडे काय बघता?”

“पोरी, मी गाडी चालवत होतो,” तो हळूच म्हणाला. “फेऱ्या बायका मोजायच्या, कागदावर रेघा मारून. ज्याची त्याची बायको.”

मी आईकडे वळले. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

“त्या गाडीतला आधीचा गडी जळून मेला होता, ओडेल. मला ते माहीत होतं,” ती म्हणाली. “हार्लन माझ्यासमोरून गेला, नेहमीसारखा हात केला त्यानं. पेन्सिल माझ्या हातात होती. मी रेघ मारली नाही.”