पट्टा कोणाच्या हातात

नाशिक रोडच्या कॉलनीत कुत्रं बाहेर काढायचं तर पट्टा हवाच, आणि तो धरणारा हात भरवशाचा हवा. माझ्या पाचवीतल्या नातीला, तेजलला, उद्यापासून बंड्याला एकटीने फिरवायचं होतं. आज तिची परीक्षा होती. मी मागून चाललो होतो. वळणावर भाजीची पिशवी घेऊन लताबाई आल्या. त्यांना पूर्वी मोकळं कुत्रं चावलं होतं. बंड्या भुंकत झेपावला, तशा त्या भिंतीला चिकटल्या. माझा हात पट्ट्याकडे गेला, पण मी तो आवरला. “काही करत नाही हो तो,” असं आपण सगळेच म्हणतो. तेजल म्हणाली नाही. तिने पट्टा आखूड धरला, बंड्याला बसवलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली. “आजी, तुम्ही सावकाश जा. मी थांबलेय.” लताबाई पुढे जाऊन माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, उद्यापासून तुम्ही घरीच बसा! पोरगी तयार झाली.”