चौकीपुढची झाडं

विसपुतेमास्तरांनी तांब्याच्या तारा पिळल्या, त्यांवर हिरवा रंगवलेला भुसा चिकटवला आणि शेवटचा देवदार उभा केला. सीमेवर शहीद झालेल्या मुलाच्या चौकीचा हा देखावा ते वर्षभर त्याच्या पत्रांवरून घडवत होते. 'झाडाखाली बसून चहा पितो, काळजी नसावी,' असं तो दर पत्रात लिहायचा.

वर्षश्राद्धाला मुलाचा चौकीवरचा सोबती आला. देखाव्यापाशी तो घुटमळला.

"काका, तिथे झाड कसलं? नुसता बर्फ. गवताची काडीसुद्धा नाही."

"लबाड लेकाचा," मास्तर पुटपुटले आणि चिमट्यानं एकेक झाड उपटू लागले.

मुलगा गेल्यापासून बंद असलेला रांगोळीचा डबा बायकोनं आणला, चौकीवर पांढरा बर्फ भुरभुरला. चिमटा शेवटच्या झाडाकडे वळला, तेव्हा मात्र तिनं त्यांचा हात धरला.

"एवढं राहू द्या. चहा कुठे बसून पिईल तो?"