सुनेची जागा

धरणात बुडालेलं म्हाताऱ्या बुरुलकान आपांचं घर आम्ही बिश्केकच्या विद्यापीठात संगणकावर पुन्हा उभं केलं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की माणूस आतच बसलेला. आपा ‘हो’ म्हणाल्या, तरच हा चष्म्यातला माहितीपट लोकांना दाखवायचा होता. आपांनी चष्म्यातून चहूकडं पाहिलं. “कुणाचं घर हे? माझं नव्हे.” आमच्या बेगायमचा चेहरा पडला. एकेक गालिचा तिनं आपांना विचारूनच अंथरलेला. “बघा ना, आपा. तुम्हाला मानाच्या जागी बसवलंय, दारासमोरच्या भिंतीशी.” “मला? अगं, मी सून त्या घरची! तिथं सासूबाई बसायच्या. मी दाराशी, चहाच्या समोवारपाशी.” बेगायमनं बटणं दाबून त्यांची जागा दाराशी हलवली. हवेतल्या समोवारची तोटी फिरवायला आपांचा हात पुढं गेला. “माझंच गं!” मग हळूच कुजबुजल्या, “पोरी, आत सासूबाई दिसत नाहीत. आता बसव मला त्यांच्या जागी!”