पदकाची कड

चिचगडच्या शाळेत गावातल्या फौजींची यादी लागणार होती आणि देवानंदला तिच्यात आपल्या गेलेल्या आजोबांचं नाव सगळ्यांत वर पाहिजे होतं. त्यासाठी त्यांचा फौजेतला नंबर हवा होता. तो पदकाच्या कडेवर कोरलेला असतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं.

आजोबांचं एकाहत्तरच्या लढाईचं ते पदक पंधरा ऑगस्ट आला की रुख्माआजी चिंचेनं घासून लख्ख करायची. देवानंदच्याच घरी तिचा जन्म धुणंभांडी करण्यात गेला होता. तिचा नवरा दुधराम आजोबांसोबतच लढाईवर गेला होता. "तो पळाला," असं आजोबांनी परत येऊन चारचौघांत सांगितलं, तेव्हापासून गाव तिला 'भगोड्याची बायको' म्हणत आलं. लहानपणी देवानंदनंही म्हटलं होतं.

आज त्यानं कड उजेडात धरली. नंबर होता. नंबरापुढे इंग्रजीत नावही होतं: दुधराम.

"काऊन रे बाबू, नाही चमकून राहिलं का?" रुख्माआजीनं ओला हात पुढे केला.

"आन इकडं. कडेवरची खरखर तेवढी जातच नाही. पन्नास वरसं झाली, घासूनच राहिली मी."