कानातलं मशीन

रुबेलाची लस द्यायला मी शाळेत गेले, तर नववीच्या मुली बाह्या खाली ओढून बसल्या. "दोन-तीन दिवसांचं तर पुरळ, त्यासाठी सुई कशाला?" त्यांची म्होरकी म्हणाली. मी समजावायला तोंड उघडणार, तोच खेळाच्या बाई पुढे आल्या. त्यांनी कानातलं मशीन काढून म्होरकीच्या तळहातावर ठेवलं. "मी पोटात असताना माझ्या आईला हेच पुरळ आलं. ते दोन-तीन दिवसांत गेलं, पण माझे कान घेऊन गेलं. तेव्हा तिला लस कुणी दिली नव्हती. तुम्हाला मिळतेय." बाईंनी मशीन पुन्हा कानात बसवलं, तेव्हा म्होरकी बाही वर सरकवत म्हणाली, "बाई, तुमच्या आई आता काय करतात?" बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही काय, तुला टोचायला उभी आहे. तिच्याइतका हलका हात कुणाचाच नाही."