गाठीची जागा

“तुझ्या हातनं नको, आप्पा. त्या प्रसेनजीतला घालू दे नळी.”

सख्ख्या थोरल्या बहिणीनं भर वॉर्डात असं तोंडावर सांगितल्यावर डॉक्टर आप्पासो मगदुमांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचवीस वर्षं कोल्हापुरात पोटं उघडून शिवणारा माणूस. त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्याच खाटेवर पडून त्रिशलाआक्का कालच्या पोराचं नाव घेत होती.

आक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पोटात नळी बसवायची, मग जयसिंगपुरात घरीच त्या नळीतून रोज डायलिसिसचं पाणी सोडायचं आणि काढायचं, असं ठरलं होतं. नळी पोटातून बाहेर कुठं काढायची ती जागा आप्पासोंनी आदल्या दिवशी निळ्या पेनानं आखूनही ठेवली होती. पण सकाळी आक्का बाहेरच्या बाकड्यावर बायकांत जाऊन बसली आणि तिथं घात झाला.

“समद्या बायका सांगत्यात,” आक्का म्हणाली. “तुझ्या नळीचं भोक पिकतंय. त्येच्या न्हाई पिकत.”

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. आप्पासो कमरेत इंजेक्शन देऊन पोट उघडत, डोळ्यांनी बघून नळी ठेवत. प्रसेनजीत कांबळे हा दोन हजार एकला, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी आलेला किडनीचा डॉक्टर. तो नुसती जागा बधिर करून सुई टोचायचा, तारेवरनं नळी आत सरकवायचा आणि पंधरा मिनिटांत हात धुऊन मोकळा. ‘आंधळी कोशिंबीर’ म्हणून आप्पासो चारचौघांत त्याची टर उडवायचे. पण बायका त्याच्याच दाराशी रांग लावत होत्या. आता ही पोटदुखी आप्पासोंनी कुठल्या डॉक्टरला दाखवायची?

निरोप गेल्यावर प्रसेनजीत आला आणि म्हणाला, “आक्का, उठा बघू. रोज नेसता तसं लुगडं नेसून या.”

“ऑपरेशनला लुगडं?” आप्पासो म्हणाले. “शिंपी हायस का डॉक्टर?”

तो नुसता हसला. आया धोंडुबाई आक्काला पडद्याआड घेऊन गेली. आक्का काष्टा घालून बाहेर आली, तसं त्यानं तिला उभं केलं, स्टुलावर बसवलं, घागर उचलायला वाकतात तसं वाकवलं. मग कमरेच्या गाठीच्या दोन बोटं वर, आक्काला खाली बघितलं की दिसेल अशा जागी, हिरव्या पेनानं खूण केली. आणि गाठ जराशी बाजूला सारली.

आप्पासोंची निळी खूण बरोबर गाठीखाली होती.

त्यांनी ती आक्काला झोपवून आखली होती. उभ्यानं पोट ओघळलं आणि जागा खाली सरकली. तिथं नळी काढली असती तर ती गाठ रोज आवळली गेली असती, दिवसभर भोकावर घासली असती. हे समजायला आप्पासोंना क्षणही लागला नाही.

“हे कुठल्या पुस्तकात आहे?” त्यांनी विचारलं.

“पुस्तकात कमरेचा पट्टा आहे, सर. लुगड्याची गाठ नाही. ती मला धोंडुबाईंनी दाखवली.”

वीस वर्षं ही बाई आप्पासोंच्या थिएटरची फरशी पुसत होती. “त्येनी इच्यारलं, मी सांगितलं,” ती म्हणाली आणि पडदा सारायला लागली.

प्रसेनजीतनं आक्काला पुन्हा झोपवलं. बेंबीखाली जुना व्रण होता. आक्काचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं. अशा व्रणाच्या आत कधीकधी आतडं चिकटून बसतं, आणि न बघता सुई घातली तर ते फाटतं. आप्पासोंना हे पक्कं ठाऊक होतं. ह्याच्या ध्यानात न येवो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. सख्ख्या बहिणीच्या पोटावर असला डाव! त्यांना स्वतःचीच शिसारी आली. ते बोलणार, तेवढ्यात प्रसेनजीतच म्हणाला,

“सर, इथं सुई नको. पोट उघडून, बघूनच नळी घालायला पाहिजे. हे तुमच्या हातचं काम आहे.”

जे पाहिजे होतं ते मिळालं. पण आप्पासोंचा जीव आणखीच जळाला. इतकं सरळ बोलणं ह्या पोराला जमतं, आणि आपल्याला साऱ्या जन्मात एकदाही जमलेलं नाही.

थिएटरात आक्का जागीच होती, कमरेखाली बधिर. प्रसेनजीत समोर मदतीला उभा राहिला. पोट उघडलं तर आतडं खरंच व्रणाला चिकटलेलं. आप्पासोंनी ते हळूहळू सोडवलं, नळीचं टोक पार खाली ओटीपोटात नेऊन ठेवलं. पाणी सोडून बघितलं. आत गेलं तसं धारेनं बाहेर आलं. “मला हे जमलं नसतं, सर,” प्रसेनजीत म्हणाला. नळीचं दुसरं टोक आप्पासोंनी कातडीखालून वर नेलं आणि हिरव्या खुणेवर बाहेर काढलं.

मधल्या कापडाच्या पलीकडनं आक्काचा आवाज आला. “आप्पा, गाठीच्या वर काढलीस न्हवं?”

“व्हय, आक्का.”

“आन् ह्येच्या आधी बायकांची कुठं काढत हुतास रं?”

आप्पासोंनी सुई चिमट्यासकट खाली ठेवली.

“गाठीखाली,” आप्पासो म्हणाले. “आन् पिकलं की त्यांनाच रागवायचो. नीट धूत न्हाई म्हणून.”